बॅग पन्नास किलोची, पालाश किती? गुहागरकडच्या नारळ-सुपारी वाड्यांचं एक प्रकरण

गुहागर तालुक्यातल्या बारा बागायतदारांचा हा गट. किनाऱ्याला लागून वाड्या, वरच्या अंगाला जांभ्यावर थोडी कलमं. सगळ्यांचं मिळून फळतं पीक ६०० माड, २,००० पोफळी आणि हापूसची १५० झाडं. खत एकत्र आणायचं, गाडीभाडं वाटून घ्यायचं, ही त्यांची जुनी पद्धत. जून २०२२ मध्ये त्यांनी नेहमीप्रमाणे ३४ बॅगा पोटॅश आणलं, २०२३ मध्ये पुन्हा ३४. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत माडांच्या खालच्या झावळ्या पिवळ्या-केशरी पडल्या, टोकं करपली आणि बोंडांची गळ वाढली. पोफळींचा रंगही उतरला. कोणी म्हणालं कोळी (नारळावरची बारीक कीड), कोणी म्हणालं सोंड्या भुंगा, कोणी म्हणालं खाऱ्या वाऱ्यानं पानं मारली. खत तर वेळेवर घातलेलं, बॅगांचा आकडाही तोच, त्यामुळे खताकडे कोणाची नजर गेली नाही.

विक्रेत्याने फसवलं नव्हतं. बॅगेवर होतं तेच आत होतं. चूक बॅगा मोजण्यात होती, आणि ती का झाली हे कळायला थोडं कॅनडा-बेलारूसपर्यंत जावं लागतं.

बॅगेत नेमकं काय असतं

पोटॅशियम हा धातू. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून तो पहिल्यांदा वेगळा केला. सुरीने कापता येईल इतका मऊ, पाण्यावर तरंगेल इतका हलका, आणि पाण्यात पडला की पेट घेणारा, म्हणून तेलात बुडवून ठेवतात. जगात पोटॅशियमचा जो मोठा व्यापार चालतो तो या धातूचा नव्हे, त्याच्या क्षारांचा. त्यातला सर्वांत मोठा वाटा पोटॅशियम क्लोराइडचा, म्हणजे आपल्या म्युरेट ऑफ पोटॅशचा, दुकानातल्या भाषेत एमओपीचा.

खताच्या बॅगेवरचे पहिले दोन आकडे नत्र आणि स्फुरदाचे, तिसरा पालाशचा. तो पोटॅशियमच्या ऑक्साइडच्या रूपात मांडलेला हिशोब असतो. असं ऑक्साइड बॅगेत नसतंच. पालाशच्या आकड्याला ०.८३ ने गुणलं की खरं पोटॅशियम निघतं. अगदी शुद्ध पोटॅशियम क्लोराइडचा पालाश ६३.२ टक्के भरतो, म्हणून ०-०-६० लिहिलेली एमओपी साधारण ९५ टक्के शुद्ध असते. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे एमओपीत पालाश किमान ६० टक्के, ओलावा जास्तीत जास्त अर्धा टक्का आणि मिठाच्या रूपातलं सोडियम साडेतीन टक्क्यांच्या आत हवं. म्हणजे पन्नास किलोच्या बॅगेत ३० किलो पालाश, सुमारे २५ किलो पोटॅशियम.

आता गटाने आणलेलं खत. त्यावर लिहिलं होतं पीडीएम, ०-०-१४.५, म्हणजे मळीपासून मिळवलेलं पोटॅश. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे काळं पाणी उरतं, ते घट्ट करून बॉयलरमध्ये जाळतात. ऊस जमिनीतून भरपूर पोटॅश उचलतो, ते त्या राखेत उतरतं. राखेची भुकटी किंवा दाणे करून खत म्हणून विकतात. हे खत कायदेशीर आहे, देशी आहे, आणि ऑक्टोबर २०२१ पासून केंद्राच्या पोषणमूल्य आधारित अनुदानातही आहे. पन्नास किलोच्या बॅगेत पालाश ७.२५ किलो.

३४ बॅगा एमओपी म्हणजे १,०२० किलो पालाश. ३४ बॅगा पीडीएम म्हणजे २४६ किलो. म्हणजे सलग दोन वर्षं वाड्यांना चौथा हिस्सा डोस मिळाला.

२०२२ सालीच हे का झालं

पालाशच्या बाबतीत भारत जवळजवळ पूर्ण परावलंबी आहे. एमओपीची खाण आपल्याकडे चालत नाही. लागते ती सगळी जहाजाने येते. विकणारेही मोजकेच. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या खाणींचा परदेशी व्यापार न्यूट्रिएन आणि मोझॅक यांच्या मालकीची कॅनपोटेक्स ही कंपनी पाहते. रशियाची उरालकाली, बेलारूसची बेलारुसकाली (तिचा माल बेलारशियन पोटॅश कंपनी विकते), जर्मनीची के प्लस एस, मृत समुद्राच्या एका काठावर इस्रायलची आयसीएल आणि दुसऱ्या काठावर जॉर्डनची अरब पोटॅश कंपनी. घेणाऱ्यांत आपल्याकडून इंडियन पोटॅश लिमिटेड पुढे असते. १९५५ साली पुरवठा संस्था म्हणून सुरू झालेल्या या कंपनीचा वर्षाचा करार झाला की बाकी आयातदारांचा भावही बहुतेक त्याच्याच आसपास राहतो.

एमओपी लाल का आणि पांढरी का, हा प्रश्न वाडीत नेहमी निघतो. लाल रंग खाणीतल्या दगडात असलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा. विरघळवून पुन्हा स्फटिक केले, किंवा मृत समुद्रासारखं पाणी उन्हात आटवून काढलं, की माल पांढरा येतो. पालाश दोन्हींत तेवढाच. लाल म्हणजे जोरदार, हा समज सोडून द्यावा.

१ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने बेलारूसच्या पोटॅशला आपल्या क्लाइपेडा बंदराकडे जाणारी रेल्वेवाट बंद केली. त्याच महिन्यात युक्रेनचं युद्ध पेटलं. जगाच्या पोटॅश व्यापारातला सुमारे ४० टक्के माल रशिया आणि बेलारूस मिळून पुरवत होते. भारताचा २०२१ चा करारभाव टनाला २८० डॉलर होता, तो २०२२ ला ५९० डॉलरवर गेला.

हा आकडा गुहागरच्या दुकानापर्यंत कसा पोचतो ते पाहा. डॉलर ७७ रुपये धरला तर ५९० डॉलर म्हणजे टनाला ४५,४३० रुपये, बॅगेला सुमारे २,२७० रुपये, तेही नुसतं बंदरापर्यंत. त्या खरिपात पालाशवर किलोला २५.३१ रुपये अनुदान होतं. बॅगेतल्या ३० किलोंवर ७५९ रुपये. उरले सुमारे १,५१०. त्यावर बंदराचा खर्च, बॅगा भरणं, वाहतूक आणि विक्रेत्याचं कमिशन चढून दुकानातली बॅग १,७०० रुपयांना पडली. आदल्या वर्षी तीच हजाराच्या आसपास होती. शिवाय माल वेळेवर हजर नव्हता.

अशा वेळी ‘पोटॅश आहे, बॅग ५८० ला, गाडीभाडं आणि हमाली धरून’ असं कोणी सांगितलं तर नको कोण म्हणेल? गटाने बॅगेला बॅग लावली. ३४ बॅगांचे १९,७२० रुपये झाले. एमओपी वाडीपर्यंत १,७४० ला पडली असती, म्हणजे ५९,१६० रुपये. एकोणचाळीस हजार वाचले असं सगळ्यांना वाटलं.

पालाशच्या किलोमागे भाव काढला की चित्र उलटतं. पीडीएम ५८० भागिले ७.२५ म्हणजे ८० रुपये किलो. एमओपी १,७४० भागिले ३० म्हणजे ५८ रुपये किलो. वाड्यांना लागणारा १,००० किलो पालाश पीडीएमने द्यायचा तर १३८ बॅगा लागल्या असत्या आणि ८०,००० रुपये गेले असते.

इथे पीडीएमची बाजूही सांगायला हवी. कारखान्याच्या दारात ते महाग नाही. केंद्राने २०२३-२४ साठी जाहीर केलेला कारखाना आणि खत कंपन्या यांच्यातला भाव टनाला ४,२६३ रुपये होता. म्हणजे पालाश किलोला ३० रुपयांच्या आत. कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या शेतात ते परवडू शकतं. पण प्रत्येक शंभर किलोंमागे ८५ किलो इतर राख घाट उतरवून समुद्रापर्यंत आणायची, उतरवायची आणि माणसं लावून माडाच्या बुंध्यात पसरायची, हे कोकणात बसत नाही. माडाला वर्षाला सव्वाआठ किलो पीडीएम घालावं लागतं. एमओपी दोन किलोत भागते.

झावळी काय सांगत होती

पोटॅशियम झाडात फिरतं. कमी पडलं की माड ते जुन्या झावळ्यांतून काढून कोवळ्या शेंड्याला देतो, म्हणून आधी खालच्या झावळ्या बोलतात. पात उजेडावर धरली की बारीक केशरी ठिपके आरपार दिसतात. पुढे ठिपके एकमेकांत मिसळतात, पातीचं टोक आणि कडा करपल्यासारख्या वाळतात, पण पातीच्या मधल्या शिरेलगतचा पट्टा बराच काळ हिरवा राहतो. नत्र कमी असेल तर पिवळेपणा सरसकट येतो, ठिपके नसतात. मॅग्नेशियम कमी असेल तर उन्हात राहणारा भाग पिवळा पडतो आणि वरच्या पातीच्या सावलीत झाकलेला भाग हिरवाच राहतो. कोळ्याची खूण झावळीवर नसते, ती नारळाच्या टोपीखाली तपकिरी त्रिकोणी चट्टे म्हणून दिसते. सोंड्याचा हल्ला असेल तर खोडाला भोक आणि त्यातून तपकिरी स्राव. हे सगळं पाहायला दहा मिनिटं लागतात, आणि फवारणीआधी ही दहा मिनिटं द्यायला हवीत.

गटाने आधी कोळ्यावर फवारणी केली, फरक पडला नाही. मग पान-नमुना गेला. माडाचा नमुना चौदाव्या झावळीचा घेतात: पूर्ण उघडलेली सर्वांत कोवळी झावळी पहिली धरून खाली मोजत यायचं, चौदावीच्या मधल्या भागातल्या पाती काढायच्या, दोन्ही टोकं टाकून मधला तुकडा घ्यायचा. उंच जातीच्या माडात वाळलेल्या पानात पोटॅशियम ०.८ ते १ टक्का असावं. अहवालात ते ०.५२ निघालं. मातीत उपलब्ध पालाश हेक्टरी ८४ किलो. ११० च्या खाली असला की कमी समजतात. जानेवारी २०२४ मध्ये हा अहवाल हातात आल्यावर कोणीतरी उरलेल्या बॅगा उलट्या करून खालचा मजकूर वाचला.

कोकणात पोटॅशची उणीव इतक्या लवकर का दिसते याचं उत्तर मातीत आणि पावसात आहे. रेताड किनारपट्टी आणि जांभ्याची माती पोटॅशियम धरून ठेवत नाही, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस सुटं पोटॅश धुऊन नेतो. काळ्या जमिनीत दोन वर्षांची कसर मागच्या शिलकीतून भरून निघते. इथे शिल्लक नसते. पूर्वी चुलीची राख, राबाची राख, वाडीतच कुजणारी सोडणं (नारळाची सालं) यातून थोडं तरी पोटॅश परत जमिनीत जायचं. चूल गेली आणि सोडणं काथ्यावाल्याला विकली जातात, म्हणजे माडाने उचललेलं पोटॅश गाडीत बसून गावाबाहेर जातं. (समोर समुद्र आहे, त्यात पोटॅशियम आहेच, पण लिटरला जेमतेम ०.४ ग्रॅम, एका एमओपी बॅगेपुरतं काढायला साठ हजारांहून अधिक लिटर पाणी आटवावं लागेल, आणि आधी मिठाचा डोंगर बाजूला सारावा लागेल. कच्छच्या रणातल्या मिठाच्या पाण्यापासून मात्र सल्फेट ऑफ पोटॅश काढतात.)

नारळांच्या संख्येवर परिणाम उशिरा दिसतो. फुलोऱ्याचा कोंब माडाच्या पोटात धरल्यापासून नारळ तयार होईपर्यंत साडेतीन वर्षांच्या वर काळ जातो. म्हणून २०२२-२३ ची उपासमार घडात दिसायला २०२५-२६ उजाडणार, आणि आज डोस दुरुस्त केला तरी भरलेले घड त्याच हिशोबाने मागून येणार. पहिल्या वर्षी नारळ वाढले नाहीत म्हणून खत सोडून देणारे बागायतदार इथेच फसतात. आधी नव्या झावळ्यांचा रंग पाहायचा.

दुरुस्ती

फळत्या माडाची कोकणातली नेहमीची मात्रा वर्षाला शेणखत ५० किलो, युरिया सव्वादोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट तीन किलो आणि एमओपी दोन किलो. पालाश म्हणून १,२०० ग्रॅम. पोफळीला पालाश १४० ग्रॅम, म्हणजे एमओपी सुमारे २३५ ग्रॅम.

दोन वर्षांची तूट एकदम भरून काढायची नाही. जमिनीत एकाएकी पोटॅशियम वाढलं की मुळं मॅग्नेशियम कमी घेतात, आणि मग एक पिवळेपणा जाऊन दुसरा येतो. म्हणून दोन वर्षं माडाला अडीच किलो एमओपी, चार हप्त्यांत, आणि जोडीला वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट, असं ठरलं. ६०० माडांना ३० बॅगा, पोफळींना १० धरल्या. हप्ते असे: जूनमध्ये पहिल्या दोन-तीन दमदार पावसानंतर माती भिजली की, मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पुढे डिसेंबर आणि फेब्रुवारीत शिपण्याबरोबर. जुलै-ऑगस्टमध्ये काहीही घालायचं नाही. ते थेट वहाळात जातं.

आळं बुंध्यापासून साधारण १.८ मीटर त्रिज्येचं. खोडालगतचा फूटभर भाग सोडून बाकी आळ्यात खत सारखं पसरायचं आणि खुरप्याने वरच्या चार बोटं मातीत मिसळायचं. एकाच खड्ड्यात ढीग ओतला तर तिथली मुळं क्षाराने भाजतात आणि बाकीच्यांना काही मिळत नाही. हप्त्याच्या वेळी माती ओली हवी, आळं तुंबलेलं नको.

मोजणीचा डबा हा या प्रकरणातला दुसरा चोर. मजूर घमेल्याने किंवा पत्र्याच्या डब्याने खत टाकतात. खताची जात बदलली की त्याच डब्यात वेगळं वजन बसतं. दर नव्या मालाला दहा डबे भरून काट्यावर तोलायचे, सरासरी काढायची आणि डब्यावर रंगाने खूण करायची.

याच वेळी कोणीतरी सुचवलं की एमओपीऐवजी एसओपी, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश घालू, ते ‘भारी’ असतं. माडासाठी हा खर्च वाया आहे. पालाशच्या किलोमागे एसओपी कायमच एमओपीहून महाग पडते, आणि माडाला क्लोरीन लागतं. चौदाव्या झावळीत ते अर्धा टक्का असावं अशी अपेक्षा असते. एमओपी ते आपोआप पुरवते. हापूसचं वेगळं. तिथे दहा वर्षांवरच्या झाडाला पालाश अर्धा किलो, म्हणजे ०-०-५० ची एसओपी एक किलो. १५० झाडांना २५ किलोच्या सहा बॅगा. क्लोराइडची भीती मोठ्या पावसाच्या जांभ्यावर विक्रेते सांगतात तितकी नाही, पण कोवळी कलमं आणि खाजणाच्या कडेची खारट जमीन असेल तर एसओपीच घ्यावी. फळं वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी असताना एक टक्का पोटॅशियम नायट्रेटची फवारणी, म्हणजे १३-०-४५ लिटरला दहा ग्रॅम, ही जमिनीतल्या मात्रेला पूरक असते, तिच्याऐवजी नव्हे.

खरेदी आणि साठवण

ऑक्टोबर २०२२ पासून एमओपी ‘भारत’ या एकाच नावाच्या बॅगेत येते. समोरचा दोन तृतीयांश भाग सगळ्या कंपन्यांचा सारखाच दिसतो. खताची प्रत, कंपनी आणि आयात-उत्पादनाचा तपशील उरलेल्या भागात बारीक अक्षरांत असतो. गाडी उतरवण्याआधी तिथला तिसरा आकडा वाचायचा. पॉस मशीनची पावती घ्यायची आणि तिच्यावरचं खताचं नाव बॅगेशी जुळवायचं. नुसती ‘पोटॅश’ लिहिलेली कच्ची चिठ्ठी घेऊ नये.

घरगुती परीक्षेचं एवढंच: एमओपीचे दाणे ओले केले तर एकमेकांना चिकटत नाहीत, आणि ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकली तर ती विरघळून लालसर कण वर तरंगतात. पीडीएम यात लगेच उघडं पडतं, पाणी गढूळ-काळपट होतं आणि तळाला गाळ बसतो. पण एमओपीत मीठ मिसळलेलं असेल तर ही परीक्षा काही सांगत नाही, मीठही तसंच विरघळतं. संशय असेल तर तालुक्याच्या गुणनियंत्रण निरीक्षकाकडून रीतसर नमुना काढून घ्यावा. स्वतः काढलेला नमुना तक्रारीत टिकत नाही.

साठवणीत किनाऱ्याचा प्रश्न दमट हवेचा. तीस अंशांना हवेतली आर्द्रता ८४ टक्क्यांवर गेली की एमओपी पाणी ओढायला लागते, आणि पावसाळ्यात इथे ती वर असतेच. युरिया त्याहून लवकर, ७२-७३ वरच. दोन्ही आधीच मिसळून ठेवले तर मिश्रण ६० टक्क्यांनाच ओलं होतं आणि चार दिवसांत धोंडा बनतो. म्हणून मिश्रण घालायच्या दिवशीच करायचं, तेही वाडीत. बॅगा पोफळीच्या फळ्यांच्या मांडणीवर, भिंतीपासून हातभर लांब, वरून ताडपत्री. गोळे झालेल्या एमओपीतला पालाश कमी होत नाही. फोडून, तोलून वापरता येते.

एका दमात सगळा माल आणण्याचं गटाने थांबवलं. पहिल्या हप्त्यापुरत्या १० बॅगा मेअखेर, बाकी ३० पाऊस उघडल्यावर. दुसरी खेप गणपतीच्या आधी-नंतरच्या दिवसांत धरायची नाही, तेव्हा मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी असते. भावाचा अंदाज बांधून साठा करण्यात या आकाराच्या गटाने पडू नये: २०२३ ला करारभाव ४२२ डॉलरवर उतरला, आणि त्याच वर्षीच्या रब्बीत पालाशचं अनुदान किलोला २.३८ रुपयांवर, म्हणजे बॅगेला ७१ रुपयांवर आलं. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

आता गटाच्या वहीत खरेदीच्या पानावर ‘बॅगा’ या रकान्याशेजारी ‘पालाश किलो’ आणि ‘पालाशचा किलोभाव’ असे दोन रकाने आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पीडीएमच्या ११ बॅगा, म्हणजे सुमारे ८० किलो पालाश, परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. त्या परसातल्या भाजीच्या वाफ्यांत आणि केळींच्या बुंध्यात, आकडा बघून, वापरून टाकल्या.